आत्यांची मोजणी

आमच्याकडे कवळ्या बनतात. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेतात, ते माप आमच्याकडे येतं आणि काही दिवसांनी आमच्याकडून हसू बाहेर पडतं. ‘हसू’ हा शब्द मालकांचा. त्यांनी तो दारावरच्या पाटीवर लिहून घेतलाय. आम्ही आपलं वरची, खालची, नाहीतर पूर्ण सेट म्हणतो.

एकच लांब दालन आहे. एका टोकाला प्लास्टर, मग खिडकीखाली मेणाची टेबलं, पुढे गरम पाण्याची टाकी, जिला आम्ही भट्टी म्हणतो, आणि कोपऱ्यात पॉलिशची मशीन व तिचा गुलाबी भुगा. दाराशी माझं पॅकिंगचं टेबल. दाराशी बसणाऱ्याला येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे फुकट बघायला मिळतात, आणि फुकट मिळालेली वस्तू मी वाया घालवत नाही. कोण कुणाशी बोलत नाही, कुणी कुणाला माफ केलंय आणि कुणी नुसतं तसं दाखवलंय, हा जमाखर्च माझ्याकडे चोख असतो.

दालनाच्या प्रमुख आत्या. त्या आमच्यातल्या कुणाच्याच आत्या नाहीत. फार पूर्वी त्यांचा भाचा इथे प्लास्टर कालवायला होता, तो मारायचा ती हाक आम्ही उचलली. भाचा दुसरी नोकरी धरून गेला, आत्या आमच्याकडे राहिल्या. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले पॉलिशवाले काकासुद्धा त्यांना आत्याच म्हणतात, फक्त ‘अगं आत्या’ म्हणतात.

आत्यांची काम तपासायची पद्धत अशी. मेणात दात बसवून झाले की ते त्यांच्या टेबलावर जायचं. त्या ते उचलून उजेडाकडे धरणार, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवणार. चांगलं असलं तर काही न बोलता परत देणार. चुकलं असलं तर शेजारच्या गरम पाण्याच्या वाडग्यात बुडवणार. मेण मऊ पडायचं, दात एकेक करून तळाला जायचे, आणि आत्या म्हणायच्या, “पुन्हा.”

बस्. कुठे चुकलं, काय चुकलं, काही नाही. पुन्हा.

शाबासकीचं खातं त्यांनी उघडलंच नव्हतं. काम न बुडता परत आलं हीच शाबासकी, हे नव्या माणसाला कळेपर्यंत वर्ष जायचं. आणि वर्षभर थांबण्याइतकी जाड कातडी सगळ्यांची नसते. गेल्या वर्षी दोघीजणी मेणाच्या टेबलावरून डोळे पुसत गेल्या त्या परत आल्या नाहीत. त्यातल्या एकीने जाताना आमच्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला, म्हणजे दवाखान्यांच्या एका साखळीला, पत्र लिहिलं.

पत्राचं उत्तर मालकांकडे आलं. एका सकाळी त्यांनी आम्हाला गोळा केलं. मालक तसा भला माणूस; शाळेत असताना आत्यांच्या टेबलाखाली बसून मेणाचे हत्ती करायचा. म्हणून चारचौघांत तो आत्यांना ‘तुम्ही’ म्हणतो आणि आत्या त्याला ‘मालक’ म्हणतात, आणि दोघांनाही ते घट्ट बुटासारखं बोचतं.

“दवाखानेवाल्यांनी नवी अट घातलीय,” मालक म्हणाले. “प्रत्येक विभागप्रमुखाची भावनिक बुद्धिमत्ता तपासायची. एक बाई येणार आहेत. त्या तपासतील, आणि कमी असेल तर वाढवायला मदत करतील.”

“आणि वाढलीच नाही तर?” काकांनी विचारलं.

मालकांनी जिन्याकडे बघितलं. वर एक काचेची खोली आहे. तयार कवळ्यांची शेवटची तपासणी करायला म्हणून बांधली होती. सध्या तिथे जुनी खोकी आहेत. “तर आत्या वर बसतील. पगार तोच. काम फक्त तपासणीचं. माणसांशी संबंध नाही. खाली दुसरं कुणीतरी.”

आत्या म्हणाल्या, “बरं.” आणि टेबलाकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी वाडग्यात काहीच बुडवलं नाही. मेणवालीने मुद्दाम एक दात वाकडा बसवून बघितला, तोही त्यांनी तसाच परत दिला. मेणवाली माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, “हे काही ठीक नाही.”

मेणवाली म्हणजे आमची सर्वांत चांगली दात बसवणारी. तिचं ठरलेलं लग्न मोडलं होतं तेव्हा आम्ही सगळे तिच्याशी काचेच्या भांड्याशी बोलावं तसं बोलत होतो. आत्यांनी मात्र तिच्यापुढे सगळ्यांत अवघड कामं टाकली. “हात रिकामे ठेवू नकोस” एवढंच म्हणाल्या, आणि आठवडाभर रोज संध्याकाळी तिला घरापर्यंत सोडून आल्या. वाटेत एक शब्द बोलायच्या नाहीत, असं मेणवाली सांगते. भट्टीवाल्याची बायको दवाखान्यात होती तेव्हाही आत्यांनी त्याची भट्टी स्वतः सांभाळली, आणि काम सुटल्यावर त्याच्या बायकोच्या खोलीबाहेर जाऊन बाकावर बसल्या. आत गेल्या नाहीत. नुसत्या बसल्या. भट्टीवाला म्हणतो, त्या बाहेर आहेत हे माहीत असल्यामुळे त्याला आत बसता आलं.

हे सगळं खात्यात जमा होतं. पण हे कुणाला मोजून दाखवणार?

मोजायला आलेल्या बाईंचं नाव आम्ही पहिल्याच दिवशी मोजणीबाई पाडलं. बारीक अंगाच्या, गोड बोलणाऱ्या. ऐकताना मान कलती करणाऱ्या. दालनात स्वच्छ टेबल माझं एकटीचं, त्यामुळे पहिली परीक्षा माझ्याच टेबलावर झाली. मी डबे बाजूला सरकवले, पण कान सरकवले नाहीत.

परीक्षा म्हणजे माणसांचे फोटो. फोटोतल्या माणसाला काय वाटतंय ते सांगायचं.

पहिला फोटो म्हाताऱ्या माणसाचा होता. ओठ मिटून हसत होता.

आत्यांनी फोटो उजेडाकडे धरला. “वरची सैल आहे,” त्या म्हणाल्या. “मोकळं हसला तर पडेल.”

मोजणीबाईंनी काहीतरी लिहिलं आणि दुसरा फोटो पुढे केला. एक तरुण बाई कुणावर तरी ओरडत होती.

“खालच्या दाढा झिजल्यात. झोपेत दात खाते ही.”

तिसऱ्या फोटोत एक बाई रडत होती. तो आत्यांनी बराच वेळ धरला. “हिचे स्वतःचे आहेत,” शेवटी म्हणाल्या.

“दात झाले, आत्या. तिला वाटतंय काय?”

“ते मी कसं सांगू? तिला कुणी विचारलं का?”

मोजणीबाई हसल्या. चिडल्या नाहीत, हे त्यांच्या बाजूला मांडायला हवं. “तुम्ही माणसाकडे बघतच नाही, आत्या.”

“माणूस इथे येतो कुठे? माप येतं.”

नंतर आम्हा सगळ्यांनाही तेच फोटो दाखवले. त्या म्हाताऱ्याच्या फोटोकडे बघून काका म्हणाले, “पॉलिश ज्याने केलंय त्याला लाज वाटायला हवी.” मिटलेल्या ओठांतून त्यांना पॉलिश कसं दिसलं, ते विचारायची सोय नव्हती. आम्ही सगळे फोटोंच्या परीक्षेत साफ आपटलो, आणि दवाखानेवाल्यांच्या नियमाप्रमाणे त्यात आत्यांचेच गुण धरायचे होते.

“अजून अर्धी परीक्षा बाकी आहे,” मोजणीबाई म्हणाल्या. “ती तुमच्या हातात आहे.” आणि आम्हाला एकेक छापील कागद दिला. आत्या तुमचं ऐकून घेतात का, तुमची अडचण समजून घेतात का, तुम्हाला त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येतं का. प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी गुण. नाव लिहायचं नाही.

दुपारी काकांनी हुकूम काढला. “सगळीकडे पाच. कुणी शहाणपणा करून चार दिले तर मी अक्षर ओळखतो.”

“आकड्याचं अक्षर कसं ओळखणार?” भट्टीवाल्याने विचारलं.

“तुझा पाच उलटा दोन दिसतो.”

आम्ही सगळ्यांनी सगळीकडे पाच दिले. भट्टीवाल्याने दोनदा गिरवून दिले.

मोजणीबाई दुसऱ्या दिवशी आल्या त्या कागदांचा गठ्ठा हातात घेऊन. आत्याही होत्या. “एवढं एकमत मला आजवर दोनच जागी दिसलं,” मोजणीबाई म्हणाल्या. “जिथे लोक वरच्याला घाबरतात तिथे, आणि जिथे फार घाबरतात तिथे.”

आत्यांनी वळून आमच्याकडे बघितलं. “घाबरता मला?”

“नाही, आत्या,” आम्ही सगळे इतक्या झटकन आणि इतक्या एका सुरात म्हणालो, की मोजणीबाईंनी पेन उघडलं.

आत्यांचा चेहरा मी दाराशी बसून इतकी वर्षं बघत आले, पण तो त्या दिवशी मला वाचता आला नाही. त्या टेबलाकडे गेल्या आणि वाडग्यातलं पाणी बदललं. पाणी आधीच स्वच्छ होतं.

मोजणीबाई जाताना म्हणाल्या, “उद्या परत घेऊ. या वेळी गुण नाहीत. एकच प्रश्न. आत्यांनी कुठली एक गोष्ट बदलावी असं तुम्हाला वाटतं, ते लिहायचं, उदाहरणासकट. एकेकाने वरच्या खोलीत बसून.” मग दारातून वळून, “खरं लिहा. तुम्ही त्यांना वाचवायला गेलात, आणि अजून अडकवलंत.”

म्हणजे काय करायला हवं ते उघड होतं. आत्यांना थोडे दोष हवे होते. आणि आमच्या दालनात काम आलं की ते वाटून घ्यायची सवय असते. एकाने प्लास्टर, एकाने मेण, एकाने पॉलिश. तसेच दोषही वाटून घ्यायचे ठरले. चहाच्या वेळी आत्या त्यांच्या टेबलाशी उभ्याने चहा घेतात, आमच्यात येत नाहीत, त्यामुळे बोलायला मोकळीक होती.

“हलके दोष काढा,” काका म्हणाले. “माणूस ओला होईल पण बुडणार नाही, असे.”

“मला ‘पुन्हा’ द्या,” मेणवाली म्हणाली.

“ते नको. ते खरं आहे. तू आवाज चढवतात असं लिही.”

“त्या आवाज कुठे चढवतात? त्या हळू बोलतात. हळू बोलल्या की तर हातातला दात सुटतो.”

“मग ‘फार हळू बोलतात, ऐकू येत नाही’ असं लिही. बघ, छान हलका आहे.”

प्लास्टरवर दोघी जावा आहेत. घरी भांडतात आणि इथे एका तोंडाने बोलतात. त्यांना ‘खिडकी उघडू देत नाहीत’ मिळाला. भट्टीवाल्याला ‘घड्याळाकडे फार बघतात’ मिळाला. “ते तुम्ही बघता, काका,” तो म्हणाला. “मी बघतो म्हणून तर मला आठवलं,” काका म्हणाले. मला ‘चहाच्या वेळेत काम सांगतात’ मिळाला. स्वतःकडे काकांनी ‘म्हाताऱ्या माणसांचा मान ठेवत नाहीत’ हा घेतला. तो ऐकून आम्ही हसलो, कारण आत्यांनी काकांना ‘पुन्हा’ म्हटलं की काका दिवसभर मशीनशी बोलतात, आमच्याशी नाही.

वाटणी झाली. आम्ही निश्चिंत झालो.

दुसऱ्या दिवशी एकेकजण जिना चढून गेला. माझी पाळी आली तेव्हा मी खोक्यांच्या मधल्या खुर्चीत बसले आणि लिहिलं, ‘आत्या चहाच्या वेळेत काम सांगतात.’ खाली उदाहरण लिहायचं होतं. उदाहरण आठवेना, कारण तसं कधी झालंच नव्हतं. काचेतून खाली सगळं दालन दिसत होतं. माणसं काम करताना दिसतात, पण आवाज येत नाही. आत्यांना इथे बसवलं तर त्यांना हेच दिसणार, असं मनात आलं. मग नजर दालनाच्या समोरच्या भिंतीवरच्या फळ्यांवर गेली, आणि वरच्या फळीच्या टोकाला जी रिकामी जागा आहे तिथे अडकली.

त्या फळ्यांची गोष्ट सांगायला हवी. माप आलं की त्यात प्लास्टर ओतून पेशंटच्या तोंडाचं मॉडेल करतात. कवळी दिल्यावरही ते आम्ही फळीवर ठेवतो. कवळी तुटली, हरवली तर पुन्हा करता यावी म्हणून. पेशंट गेला की दवाखान्यातून निरोप येतो आणि मॉडेल खाली उतरतं. पण ते अख्खं टाकायचं नाही, अशी काकांनी पाडलेली रीत आहे. एक हलका हातोडा मारायचा, मगच प्लास्टरच्या डब्यात. कुणाचं अख्खं तोंड कचऱ्यात पडलेलं बरं दिसत नाही, असं काकांचं म्हणणं.

वरच्या फळीच्या टोकाला एक मॉडेल असायचं, ज्याला नंबर नव्हता. पेन्सिलीने आत्यांच्या अक्षरात एवढंच लिहिलेलं: ‘घरचं’. ते आत्यांच्या यजमानांचं.

दोन हिवाळ्यांपूर्वी आत्या काही दिवस आल्या नाहीत. घरी काम आहे, असं मालकांना कळवलं होतं. मग एका सकाळी आम्ही आलो तर त्या सगळ्यांच्या आधी येऊन टेबलाशी उभ्या होत्या, आणि प्लास्टरच्या डब्यात ते मॉडेल होतं. मधोमध तुटलेलं.

डबा दाराजवळच असतो. आत येताना सगळ्यांना दिसलं. कुणी काही बोललं नाही. मेणवाली तेवढी गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आत्या म्हणाल्या, “हात पुसून ये. मेण लागेल.” मेणवाली हात पुसायला गेली, आणि परत गेली ती आपल्याच टेबलाशी. त्यानंतर आत्यांनी तो विषय काढला नाही आणि आम्हीही नाही. आमच्या प्रत्येकाच्या दुःखात ही बाई दाराबाहेर येऊन बसली, आणि स्वतःच्या वेळी तिने आम्हाला दारसुद्धा दाखवलं नाही.

मी चहाचं वाक्य खोडलं.

संध्याकाळी मोजणीबाईंनी खुर्च्या गोल मांडायला लावल्या. मालकही येऊन बसले. आत्या गोलात बसल्या, पण खुर्ची थोडी मागे घेऊन.

“मी कागद वाचणार आहे,” मोजणीबाई म्हणाल्या. “कुणी लिहिलं ते मला माहीत नाही आणि कुणी ओळखायचा प्रयत्नही करायचा नाही.” मग वाचू लागल्या. “‘घरच्या मॉडेलचं आम्हाला डब्यातून कळलं. आत्यांनी सांगितलं नाही.’”

मी खाली बघितलं. हे माझं नव्हतं.

“‘माझ्या घरी आजारपण झालं तेव्हा आत्या बाहेर बाकावर बसल्या. त्यांच्या घरी झालं तेव्हा मला बाक कुठे आहे तेच कळलं नाही.’”

भट्टीवाल्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“‘त्या आमचं ऐकून घेतात की नाही ते जाऊ दे. त्यांचं आम्हाला कधी ऐकू देत नाहीत. उदाहरण, ‘घरचं’.’” हे माझं होतं. “‘हात पुसून ये म्हणाल्या. मी पुसले, मग माझी हिंमत झाली नाही.’ ‘आम्ही दोघी घरी याच्यावर बोललो आणि रडलो, इथे नाही बोललो.’” मोजणीबाई शेवटच्या कागदाशी थांबल्या. तो लहान होता. “‘मला सांगायचं. हातोडा मी मारला असता.’”

कुणी कुणाकडे बघेना. प्रत्येकाला वाटलं होतं, आपण एकट्यानेच वाटणी मोडली.

“तुम्ही परत ठरवून लिहिलंत का?” मोजणीबाईंनी विचारलं.

“नाही हो,” काका म्हणाले. “ठरवलेलं तर एकानेही लिहिलं नाही.”

“म्हणजे ठरवलं होतं.”

“ठरवलं होतं. पण हे नव्हतं ठरवलं.” काका भट्टीवाल्याकडे वळले. “घड्याळाचं काय झालं रे?”

“म्हाताऱ्यांच्या मानाचं झालं तेच.”

आत्यांनी हात पुढे केला. मोजणीबाईंनी त्यांना तो शेवटचा कागद दिला. आत्यांनी तो उजेडाकडे धरला, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवला. आम्ही ‘पुन्हा’ची वाट बघत बसलो.

“डबा सगळ्यांनी बघितला होता?” त्या म्हणाल्या.

“सगळ्यांनी,” मेणवाली म्हणाली.

“मला वाटलं, कुणी बघितलाच नाही.” कागद त्यांनी मांडीवर ठेवला. “पालथं टाकता आलं असतं मला. खाली ढकलता आलं असतं. ‘घरचं’ वर दिसेल असं ठेवलं होतं. सांगायला तोंड उघडेना, म्हणून म्हटलं, बघतील. विचारतील.”

मशीन बंद होती, तरी काका मशीनकडे बघत होते.

“दिवसभर वाट बघितली. आणि तुम्ही सगळे त्या दिवशी इतकं नीट काम करत होता. एकही काम बुडवावं लागलं नाही. कुणाशी बोलायला निमित्तच मिळेना.” त्या मेणवालीकडे वळल्या. “तू हात पुसून येशील म्हणून मी खुर्चीसुद्धा ओढून ठेवली होती गं.”

मेणवाली बोटांना चिकटलेलं मेण खरवडत होती. तिची मान खालीच होती.

“अगं आत्या,” काका म्हणाले, “आम्हाला वाटलं, तुला आवडणार नाही.”

“मला वाटलं, तुम्हाला काही वाटत नाही.”

मालक उठून खिडकी उघडायला गेले. ती तशी उघडीच होती. मोजणीबाईंनी पेनला टोपण लावलं, आणि जणू स्वतःशीच म्हणाल्या, “आता हे मी कुठल्या रकान्यात भरू?”

त्यांनी गुण वाढवले नाहीत. ते त्यांच्या बाजूला लिहायला हवं, कारण त्या वाढवू शकल्या असत्या. अहवाल आला तेव्हा मालकांनी तो आम्हाला वाचून दाखवला. आत्यांचे गुण कमी होते. खाली लिहिलं होतं की आमचेही कमी आहेत. चेहरा दिसतो पण विचारायचं सुचत नाही, हा दोष प्रमुखात आणि विभागात सारखाच आहे. त्यामुळे प्रमुखाला वर एकटं बसवून काही साधणार नाही. दोघांनी एकमेकांवरच सराव करायला हवा. प्रशिक्षण एकत्र. सहा महिन्यांनी पुन्हा मोजणी. आणि दवाखानेवाल्यांनी तेवढी मुदत मान्य केली होती.

“म्हणजे नापास झालो आपण?” मेणवालीने विचारलं.

“सगळे,” मालक म्हणाले. चेहरा पास झाल्याचा होता. “वरच्या खोलीत खोकीच राहू देत.”

सराव म्हणून मोजणीबाईंनी दोन गोष्टी सांगून ठेवल्या होत्या. आत्यांनी ‘पुन्हा’च्या पुढे निदान एक वाक्य बोलायचं. आणि चहा सगळ्यांनी एकत्र घ्यायचा. त्या वेळी आमच्यापैकी एकाने रोज आत्यांना एक प्रश्न विचारायचा, कामाचा नाही, आणि आत्यांनी उत्तर द्यायचं.

पहिल्या दिवशी वाडग्यात दात पडले आणि आत्या म्हणाल्या, “पुन्हा.” मग अडखळल्या. जिभेवर खडा आल्यासारखं तोंड झालं. “डावा सुळा पुढे आला होता.”

मेणवालीने वाडग्यातून तो सुळा उचलला, बघितला, आणि म्हणाली, “अगंबाई, एवढंच?” इतकी वर्षं तिला वाटत होतं, सगळंच चुकतं.

प्रश्नांचं मात्र जमेना. चहाला आत्या आमच्यात येऊन बसायच्या, आणि आमची वाचा जायची. भट्टीवाल्याने विचारलं, “आत्या, जेवलात का?” आत्या म्हणाल्या, “हो.” दुसऱ्या दिवशी दोघी जावांनी मिळून विचारलं, “आत्या, गुडघे दुखतात का हो?” आत्या म्हणाल्या, “हो.” काकांनी विचारलं, “अगं आत्या, बरी आहेस ना?” आत्या म्हणाल्या, “आहे की.” मोजणीबाई आठवड्याने डोकावल्या, आम्ही मोठ्या अभिमानाने हिशेब दिला, आणि त्यांनी कपाळाला हात लावला. हो-नाहीत संपेल असं काही विचारू नका, म्हणाल्या.

मग पाळी मेणवालीची आली. ती टेबलावरून तशीच उठून आली. आत्यांच्या मागे उभी राहिली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि विचारलं, “घरची कवळी कशी बसली होती, आत्या?”

आत्यांनी तिच्या हाताकडे बघितलं. तो पुसलेला नव्हता. बोटांना मेण होतं.

“बसली कुठे होती?” मग त्या म्हणाल्या. “माझ्या हातून झालेलं सर्वांत वाईट काम. वरची सैल. पण मी विचारलं की म्हणायचे, एकदम मस्त बसलीय. आणि ते घराबाहेर पडले की काढून शर्टाच्या खिशात. मला कळायचं. खिडकीतून खिसा फुगलेला दिसायचा.”

“मग?” काकांनी विचारलं.

“मग काय, पुन्हा केली. दुरुस्त करते असं सांगून नेली आणि नवीच करून दिली. तीपण खिशात.”

भट्टीवाला फिस्सकन हसला, आणि आपण हसलो म्हणून घाबरला. पण आत्याही हसत होत्या.

“सांगायचं ना त्यांना, की तुम्हाला माहीत आहे,” एक जाऊ म्हणाली.

“ते मला वाईट वाटू नये म्हणून बोलायचे नाहीत. मी त्यांना वाईट वाटू नये म्हणून. सगळा संसार त्या खिशात गेला बघ.”

“हसायचे कसे मग?” मेणवालीने विचारलं.

“तो पहिला फोटो नव्हता का, म्हाताऱ्याचा? तसे. ओठ मिटून.”

चहा संपल्याची घंटा झाली. घड्याळाकडे काकांनीसुद्धा बघितलं नाही. आत्यांनी कप खाली ठेवला, मेणवालीसाठी पायाने खुर्ची ओढली आणि पुढे सांगायला लागल्या, की तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी माप स्वतः घ्यायचं ठरवलं, आणि त्या माणसाने काय केलं माहीत आहे का.

त्या दिवशी माल उशिरा गेला. दवाखान्यातून फोन आला तेव्हा मी सांगितलं, भट्टी बिघडली होती. भट्टीवाला दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी मीच जाऊन विचारलं, राग आलाय का. तो म्हणाला, हो-नाहीत संपेल असं विचारू नकोस.